चेंडू नसतो तिथे

८ सप्टेंबर

सेकंड इंजिनिअर बाईसाहेबांस,

बापाने लेकीला साहेब म्हणावं अशी वेळ तूच आणलीस, तेव्हा आता निमूट ऐकून घे. तू माझ्या पत्रांना उत्तर देत नाहीस. भिंगरीला पत्र येतं, त्याच्या तळाशी "आजोबांना रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यायला सांग" अशी एक ओळ असते, ती मी माझ्या नावची समजून घेतो. गोळीही घेतो. तू निघताना मी म्हणालो, की बाप गेलेल्या पोरीला आईनेही टाकून समुद्रावर जायचं का, त्याचा राग तुला अजून आहे. असू दे. हट्टीपणा तू काही बाजारातून आणला नाहीस, तो घरचाच आहे.

तर घरची खबर. तुझी लेक मजेत आहे. फोनवर तिने तुला हेच सांगितलं, मी खाली फक्त सही करतो. उंच होते आहे, बूट पुन्हा चावायला लागलेत. माझी एकच तक्रार आहे आणि ती साबणाची. वडी आणावी आणि बघता बघता तिचा चपटा तुकडा उरावा. सकाळी बाईसाहेब न्हाणीघरात शिरल्या की बाहेर यायचं नाव नाही. बाहेर येते ती घासून घासून लाल झालेली. मी म्हटलं, "अगं, थोडी कातडी ठेव, पुढे लागेल." हसली नाही. दहाव्या वर्षीच नट्टापट्टा सुरू झाला म्हणायचा. तू या वयात तोंड धुवायलासुद्धा हाका मारायला लावायचीस.

शाळेच्या बसवरही तिची मर्जी उतरली आहे. चालत जाते म्हणते. मग काय, मीही पूल ओलांडून तिच्याबरोबर चालतो आणि परतताना गुडघ्यांची समजूत काढतो. तिची ती चष्मेवाली मैत्रीण, जी इथे राहायलाच असल्यासारखी असायची, ती हल्ली फिरकत नाही. भांडलात का म्हणून विचारलं तर "नाही." एवढंच. मुलींची भांडणं, आज असतात, उद्या नसतात, म्हणून मी सोडून दिलं.

मी रविवारी अजून पोरांच्या फुटबॉलच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो. पळणं कमी झालंय, शिट्टी वाढली आहे.

तुझा,
बाबा


२२ सप्टेंबर

लेकी,

घरी सगळं ठीक आहे. हे वाक्य लिहून झालं, आता पुढे जातो.

एक गोष्ट आहे. ती तुला सांगायची नाही असं मला बजावण्यात आलं आहे. तुझ्या लेकीने माझा कान धरून माझ्याकडून शपथ घेतली आहे, तेव्हा मी सांगत नाही. तूही विचारू नकोस. मी फक्त एक साधी चौकशी करतो. जहाज इथे दुरुस्तीला होतं तेव्हा तू पालकसभेला गोदीतून थेट गेली होतीस ना? कामाच्या बॉयलर सूटमध्ये, हाताला तेल तसंच? त्या वेळी वर्गातल्या कोणकोणत्या मुली तिथे होत्या, आठवतं का? नाही आठवलं तर जाऊ दे.

परवा माझा गुडघा धरला म्हणून भिंगरीला बसने जावं लागलं. डबा विसरली. तो घेऊन मी लंगडत थांब्यावर गेलो तेव्हा ती नुकतीच बसमध्ये चढली होती. आता तुला माहीत आहे, इतकी वर्षं पंचगिरी करून मला एक खोड लागली आहे. चेंडू जिथे असतो तिथे मी बघत नाही. तिथे सगळेच बघत असतात. मी इतर कुठे काय चाललंय ते बघतो. सगळ्यांची नजर ड्रायव्हरकडे होती, तो कोणाशी तरी भांडत होता. मी खिडक्यांकडे पाहिलं. काय पाहिलं ते सांगणार नाही. डबा हातातच राहिला आणि बस गेली.

शाळेत वर्गावर्गांचे सामने आहेत आणि त्यांना पंच हवा आहे. मी नाव दिलं. खेळाचे सर खूश झाले. भिंगरी नाही झाली.

"आजोबा, तुम्ही तिथे काही करणार नाही ना?"

"मी काय करणार बाई? मी पंच."

तिने माझ्याकडे जरा वेळ टक लावून पाहिलं. अगदी तुझ्यासारखं, तू घरातून निघताना पाहिलं होतंस तसं.

तुझा,
बाबा


६ ऑक्टोबर

लेकी,

हे पत्र भिंगरीला विचारून लिहितो आहे. दोन दिवस तिची मनधरणी केली. शेवटी म्हणाली, "लिहा, पण मी रडले ते लिहू नका." म्हणून ते मी लिहीत नाही.

वर्गातल्या मुली तिला पाहिलं की नाक धरतात. मारत नाहीत, ढकलत नाहीत, तोंडातून ब्रसुद्धा काढत नाहीत. ही बसमध्ये चढली की बोटं नाकाला. बाकावर बसली की शेजारची सरकते, आणि बोटं नाकाला. बाईंनी वळून पाहिलं तर एकीचं नाक खाजत असतं, दुसरीला सर्दी झालेली असते. पालकसभेला तू आलीस तेव्हा वर्गाच्या फुटबॉल टीमची कॅप्टन तिथे होती. "हिच्या घराला ग्रीसचा वास येतो," असं तिने काढलं आणि बाकीच्यांनी उचललं. चष्मेवालीनेसुद्धा. साबण कुठे जात होता ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी न्हाणीघराच्या बाहेर उभा होतो आणि आतून घासल्याचा आवाज येत होता. त्याच साबणावर मी तुला विनोद करून पाठवला होता. मला इतकी लाज वाटली की मी तसाच तिथे जमिनीवर बसलो.

आता बापाचा पराक्रम ऐक.

सामना चौथीच्या दुसऱ्या तुकडीशी होता. कॅप्टन खेळते मात्र झकास, ते मान्य केलं पाहिजे. भिंगरी मागे, बचावाला. मध्यंतरानंतर चेंडू पार त्या टोकाला गेला, सगळं मैदान तिकडे ओरडायला लागलं, आणि मी सवयीप्रमाणे उलट्या दिशेला पाहिलं. कॅप्टन भिंगरीच्या बाजूने गेली आणि जाता जाता तिने दोन बोटं नाकाला लावली. एवढीशी हालचाल. माझं डोकं फिरलं. मी शिट्टी फुंकली, खेळ थांबवला, तरातरा चालत गेलो आणि कॅप्टनला लाल कार्ड दाखवलं.

"कशाबद्दल?" ती म्हणाली.

"नाक धरल्याबद्दल."

सगळं मैदान खो खो हसलं. खेळाचे सर धावत आले. "आजोबा, असा नियम कुठे आहे?" कुठेच नाही, हे त्यांच्यापेक्षा मला जास्त ठाऊक. सरांनी कार्ड रद्द केलं, पण कॅप्टन रडत निघून गेली ती परत आलीच नाही. तिच्याशिवाय वर्ग हरला. कोणामुळे हरला? भिंगरीच्या आजोबांमुळे. आता ही वर्गात शिरली की नाक तर धरतातच, वर शिट्टीही वाजवतात.

घरच्या पोरीच्या सामन्याला पंच म्हणून उभं राहू नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी तिच्यासाठी भांडायला गेलो आणि तिलाच विचारलं नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. नाव भिंगरी, आणि खिडकीशी बसली की तासभर हलत नाही. मला हे बघवत नाही.

माझ्यावर रागव. पण या वेळी लिहून रागव.

बाबा


१९ ऑक्टोबर

लेकी,

काल मी भांडी विसळत होतो तेव्हा भिंगरी आपणहून आली, फडकं घेतलं आणि पुसायला लागली. मी श्वाससुद्धा जपून घेतला. पाखरू खिडकीत बसलं की आपण हलत नाही, तसा.

"आजोबा, त्या हसतात. मग ती गंमतच झाली ना?"

"तू हसतेस?"

"हसते. नाही हसलं तर चिडकी म्हणतात."

"आणि हसून झाल्यावर?"

ती पेला पुसत राहिली. तो केव्हाच कोरडा झाला होता.

मी तिला म्हटलं, मला दुसरं काही कळत नाही, मी मैदानातलं सांगतो. खेळताना लागतंच. चेंडू दोघांच्या मधे असतो, पायात पाय अडकतो, एक जण पडतो, दुसरा हात देऊन उठवतो. त्याला कोणी शिट्टी मारत नाही. पण चेंडू नसतो तिथे, पंचाची पाठ असताना, रोज त्याच पोराला कोणी कोपर मारत असेल आणि त्याला उलटून काही करता येत नसेल, तर तो खेळ नव्हे.

तिने विचार केला. "मग चष्मेवालीने माझं पेन लपवलं होतं, ते?"

"तू काय केलंस?"

"मी तिचा चष्मा लपवला."

"मग?"

"मग ती भिंतीशीच बोलायला लागली. आम्ही पोट धरून हसलो."

"तो खेळ."

"आणि नाक?"

मी पुढचा पेला तिच्या हातात दिला.

"नाक खेळ नाही," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "मला वास येतच नाही, आजोबा!" फडकं तिने दाणकन ओट्यावर आपटलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. गेले कित्येक दिवस पोर स्वतःलाच हुंगत होती.

या वेळी शहाण्यासारखं विचारलं, तुला काय हवंय? मला वाटलं होतं, कॅप्टनला शिक्षा. ती म्हणाली, "बसमध्ये कोणीतरी माझ्या शेजारी बसायला हवंय." बस्स. एवढंच मागणं होतं, आणि मी लाल कार्ड घेऊन धावलो होतो.

तुला का सांगायचं नव्हतं तेही विचारलं. म्हणाली, "आई घाबरेल आणि जहाजावरून उतरेल. ती उतरली की तिचं काम घाणेरडं, हे त्यांचंच खरं ठरेल." हे वाक्य मी तुला जसंच्या तसं लिहितो आहे. ते वाचून तुला जे वाटेल ते मलाही वाटलं. मला जरा जास्तच, कारण उतर म्हणणाऱ्यांत पहिला मीच होतो.

आज आम्ही दोघं वर्गाच्या बाईंकडे गेलो. बोलली ती, मी दप्तर धरून उभा होतो. कधीपासून, कुठे, कोण, सगळं तिने सांगितलं, मधे एकदा आवाज चिरकला पण थांबली नाही. बाई तरुण आहेत, मला वाटलं आता मुलींना उभं करून फैलावर घेतील. त्यांनी तसं केलं नाही. म्हणाल्या, "सांगितलंस ते फार चांगलं केलंस. मला दिसायला हवं होतं, दिसलं नाही." कॅप्टनशी त्या एकटीशी बोलणार आहेत, वर्गासमोर नाही. मग माझ्याकडे वळल्या. "आजोबा, तुम्हाला मैदानात जे दिसलं ते बाकी कोणालाच दिसलं नाही. ते बघणं मुलांना शिकवाल का?"

मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. घर शेजारीच उभं होतं.

"या," भिंगरी म्हणाली. "पण शिट्टी घरी ठेवा."

बाबा


९ नोव्हेंबर

लेकी,

कंपनीच्या ऑफिसातून तुझं पत्र आलं. पाकिटावर माझं नाव! मी ते शेजाऱ्यांना दाखवून आलो. आत चार ओळी, त्यातल्या तीन मला झापणाऱ्या. त्या मी पुन्हा पुन्हा वाचल्या, इतक्या गोड वाटल्या. चौथीबद्दल शेवटी बोलतो.

बाईंनी मागितलेला तो तास झाला. अर्धा वर्ग खेळत होता आणि उरलेल्या अर्ध्याला मी लाइन्समन केलं. प्रत्येकाच्या हातात झेंडा म्हणून रुमाल. अट एकच, चेंडूकडे बघायचं नाही. प्रत्येकाने एक खेळाडू निवडायचा आणि त्याच्यावर नजर ठेवायची, नंतर फक्त काय दिसलं ते सांगायचं. कोणाचं नाव घ्यायचं नाही. पहिली काही मिनिटं सगळ्यांची मान आपोआप चेंडूकडेच जायची, मी तोंडाने "अं अं" करत फिरत होतो. मग जमलं. एक मुलगा म्हणाला, "एकाला कोणी पासच देत नाही, तो नुसता पळतोय." एक मुलगी म्हणाली, "एक जण पडली तेव्हा दोघं हसले आणि मग बाकीचे पण हसले, त्यांना माहीतच नव्हतं काय झालंय." बाई कोपऱ्यात उभ्या राहून ऐकत होत्या. चष्मेवालीने रुमाल वर केला, पण तिला काही बोलताच येईना. मी म्हटलं, "राहू दे, झेंडा दिसला मला."

मग मी त्यांना सांगितलं, लाइन्समन कार्ड दाखवत नाही, मारामारीत पडत नाही. दिसलं की झेंडा वर करतो आणि पंचाला सांगतो. शाळेत पंच म्हणजे बाई, सर, घरचे. आणि तेही जमलं नाही, भीती वाटली, तर निदान पडलेल्याच्या जवळ जाऊन उभं राहायचं. तेवढं कोणालाही जमतं.

एकाने हात वर केला. "पण सांगणं म्हणजे चहाडी ना?"

"चहाडी कोणाला तरी अडकवायला करतात," मी म्हटलं. "हे कोणाला तरी सोडवायला." त्याला ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्याने हात खाली घेतला.

त्यानंतर बरेच दिवस काही झालं नाही. हेही तुला सांगायला हवं. बाई कॅप्टनशी बोलल्या होत्या, वर्गातलं नाक धरणं थांबलं होतं, पण बसमध्ये बाई नसतात. माझ्या गुडघ्यांमुळे तिला आता रोज बसनेच जावं लागतं, आणि तिथे ते चालूच. भिंगरी रोज घरी आली की मी तोंडाकडे बघायचो आणि ती मान हलवायची.

मग गेल्या सोमवारी जिना चढता चढताच ओरडली, "आजोबा, बसली!"

चष्मेवाली. बसमध्ये चढली, मधे जरा थांबली, आणि येऊन भिंगरीच्या शेजारी बसली. मागून कॅप्टनने नाक धरलं, तिच्याबरोबर आणखी दोघींनी. तेव्हा चष्मेवाली वळून म्हणाली, "माझा पण येतोय का वास? मग नीट धर, दोन्ही हातांनी." म्हणताना तिचा आवाज थरथरत होता म्हणे. त्या दोघींपैकी एकीला हसू फुटलं आणि तिने हात खाली घेतला. काल दुपारी चष्मेवाली आपल्याकडे आली होती. दाराशी उभी राहून भिंगरीला म्हणाली, "मी पण धरायचे. सॉरी." भिंगरी म्हणाली, "मला माहितेय. मला फार वाईट वाटायचं." आणि मग दोघी आत गेल्या. मी दूध तापवायला घेतलं आणि ते चक्क उतू गेलं, कारण मी डोळे पुसत होतो. हे तू तिला सांगू नकोस.

कॅप्टनही भेटली. शाळेच्या फाटकात मला गाठलं. "आजोबा, ते लाल कार्ड कुठे नोंदवलंय का?"

"नाही. ते कार्ड चुकीचं होतं, मी मागे घेतो."

तिने सुटकेचा श्वास सोडला.

"पण तू जे करत होतीस ते मी पाहिलं, तेही खरं आहे," मी म्हटलं. "ते मागे घ्यायचं काम तुझं."

मान खाली घालून गेली. अजून काही मागे घेतलेलं नाही. भिंगरीशी ती बोलत नाही, बाकी दोन-तीन मुली अजून तिच्याच बाजूने आहेत. सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही.

आता तुझी चौथी ओळ. "पुढच्या बंदरावर उतरू का?" दोन महिन्यांपूर्वी मी हो म्हणालो असतो, वर चार गोष्टी सुनावल्या असत्या. आता तिला न विचारता तिच्या वतीने बोलण्याची खोड मी सोडली आहे. तुझं पत्र तिच्यापुढे ठेवलं. ती आपलं उत्तर आपण लिहिणार आहे, मला बघू देणार नाही म्हणते. ते याच पाकिटात असेल. तिने काहीही लिहिलं तरी मी तिच्या बाजूने, आणि तू काहीही ठरवलंस तरी तुझ्या.

आणि एक. माझी लेक जहाजाचं इंजिन चालवते, हे मी थांब्यावर, बाजारात, मैदानात, जो भेटेल त्याला सांगतो. तुला तेवढं सांगायचं राहिलं होतं. मला तुझा फार अभिमान वाटतो, बाळ.

बाबा


१० नोव्हेंबर

आई,

आजोबांनी तुझं पत्र मला दिलं आणि स्वतः बाल्कनीत जाऊन बसले. मधूनमधून खोकतात, म्हणजे मी अजून लिहितेय का ते बघतात.

मी फोनवर मजेत म्हणायचे ते खोटं होतं. मला वाटायचं, मी सांगितलं नाही तर ते खरं होणार नाही. पण ते तसंही होत होतंच, आणि मी एकटीच होते. आता मी तुला सांगत जाईन. मागच्या आठवड्यात बुधवारी मला परत रडू आलं, कारण खेळायच्या वेळी कॅप्टनच्या गटाने मला घेतलं नाही. मग चष्मेवाली आणि एक नवीन मुलगा आणि मी, आम्ही तिघंच खेळलो. नवीन मुलगा कोणाशी बोलत नाही. मीच त्याला जाऊन विचारलं. तो गोलकीपर चांगला आहे.

तू उतरू नकोस. मला तुझी आठवण येते, रोज येते, पण आठवण येते म्हणून ये, त्यांच्यामुळे येऊ नकोस. तुझी परीक्षा झाली की तू चीफ इंजिनिअर होशील ना? मग ये.

मी वर्गात सांगितलं की माझी आई इतकं मोठं इंजिन चालवते की त्याच्या आत माणूस उभा राहू शकतो. बाईंना खरं वाटलं. थोड्या जणांना वाटलं नाही. म्हणून बाई म्हणाल्या, आई आली की तिला वर्गात बोलाव, ती सांगेल. मी म्हटलं, विचारून सांगते.

येशील ना? बॉयलर सूट घालूनच ये. तू काही घाबरू नकोस. कोणी नाक धरलं तर मी तुझ्या शेजारी उभी असेन.

तुझी,
भिंगरी